'लूझिंग माय रिलिजन' : ध्रुवपद नसलेल्या गाण्याची पार्श्वभूमी

१९ फेब्रुवारी १९९१ रोजी आर.ई.एम. या अमेरिकन बँडचं 'लूझिंग माय रिलिजन' हे सिंगल, म्हणजे अल्बमपासून वेगळं काढलेलं गाणं, बाजारात आलं. गाणं साधारण साडेचार मिनिटांचं. मुख्य वाद्य मँडोलिन, म्हणजे गिटारपेक्षा लहान, उंच सुराचं तंतुवाद्य. परत परत येऊन डोक्यात बसेल असं ध्रुवपद नाही. शब्द एका माणसाच्या तगमगीचे, आणि तगमग कशाची हे सरळ सांगायची गायकाची तयारी नाही. त्या काळच्या रेडिओचे नियम पाहिले, तर या गाण्याला फारसा वाव मिळायला नको होता. तरी काही महिन्यांत ते अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचलं. हे नशिबानं घडलं असं अनेकदा सांगितलं जातं. मला ते पटत नाही. त्यामागे दहा वर्षांची पायपीट होती.

आर.ई.एम.ची सुरुवात जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावात झाली. गिटारवादक पीटर बक तिथल्या एका रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा आणि गायक मायकेल स्टाइपशी त्याची ओळख त्या दुकानातच झाली. बासवादक माइक मिल्स आणि ड्रमर बिल बेरी हे दोघे शाळेपासूनचे सोबती. चौघांनी पहिल्यांदा एकत्र वाजवलं ते एप्रिल १९८० मध्ये, वापरात नसलेल्या एका चर्चमध्ये, मित्राच्या वाढदिवसाच्या पार्टीत. त्यानंतरची वर्षं छोटे क्लब, गाडीतून लांबलचक दौरे आणि विद्यापीठांची रेडिओ केंद्रं यांत गेली. 'मर्मर' हा त्यांचा पहिला पूर्ण अल्बम १९८३ मध्ये आला आणि 'रोलिंग स्टोन' मासिकानं त्याला त्या वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. कौतुक भरपूर झालं, विक्री मात्र बेताचीच राहिली.

इथे विद्यापीठांच्या रेडिओबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ही केंद्रं विद्यार्थी चालवत आणि त्यांच्यावर जाहिरातदारांचं दडपण नसे. मोठी व्यापारी केंद्रं ज्या बँडना हात लावत नसत, त्यांची गाणी इथे लागत. या संगीताला आधी 'कॉलेज रॉक' म्हणत, मग 'ऑल्टरनेटिव्ह' हे नाव रुळलं. सप्टेंबर १९८८ मध्ये बिलबोर्डनं या संगीतासाठी वेगळी यादीच सुरू केली. आर.ई.एम. हे या वर्तुळाचं सगळ्यात मोठं नाव झालं होतं. १९८७ साली 'द वन आय लव्ह'मुळे ते पहिल्यांदा मुख्य यादीच्या पहिल्या दहांत आले. पुढच्या वर्षी त्यांनी वॉर्नर ब्रदर्स या मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला, 'ग्रीन' हा अल्बम काढला आणि १९८९ चं जवळजवळ सगळं वर्ष मोठमोठ्या सभागृहांच्या दौऱ्यात घालवलं.

या दौऱ्यानं चौघेही थकले आणि बकला इलेक्ट्रिक गिटारचा कंटाळा आला. घरी परतल्यावर त्यांनी एकमेकांची वाद्यं घेऊन वाजवायला सुरुवात केली. ड्रमर बास घेऊन बसायचा, बासवादक कीबोर्डकडे वळायचा. बकनं मँडोलिन विकत घेतलं होतं. अमेरिकेच्या दक्षिणेत हे वाद्य ब्लूग्रास या तिथल्या लोकसंगीतामुळे घरोघरी माहीत असलेलं, पण रॉकमध्ये क्वचितच दिसणारं. त्याला ते अजून नीट वाजवता येत नव्हतं. टीव्ही बघत बघत तो सराव करायचा आणि शेजारी टेपरेकॉर्डर चालू ठेवायचा. दुसऱ्या दिवशी टेप ऐकली, तर बराच वेळ नवशिक्याची खटपट आणि मधेच एक पूर्ण चाल. तीच ही चाल.

सरावलेल्या हाताला ती सुचली असती असं मला वाटत नाही. सराईत वादकाची बोटं ठरलेल्या वाटांनी जातात. बकच्या बोटांना मँडोलिनवर अशा वाटाच नव्हत्या, म्हणून त्यानं साध्या मायनर कॉर्ड्सभोवती (एकत्र वाजणाऱ्या, उदास छटेच्या स्वरांभोवती) एक छोटा, गोल फिरणारा तुकडा बांधला. कॉर्ड्स आर.ई.एम.च्या जुन्या गाण्यांत सापडतील अशाच आहेत. वेगळा आहे तो वाद्याचा सूर आणि त्यातली किंचित घाई.

१९९० च्या उन्हाळ्यात अथेन्समध्ये गाण्याचा कच्चा आराखडा ध्वनिमुद्रित झाला. तेव्हा त्याला शब्द नव्हते, 'शुगर केन' एवढं कामचलाऊ नाव होतं. पक्कं ध्वनिमुद्रण न्यूयॉर्क राज्यात, वुडस्टॉकजवळच्या बेअर्सव्हिल स्टुडिओत झालं. निर्माता स्कॉट लिट १९८७ पासून त्यांच्यासोबत होता. इथे एक अडचण पुढे आली. मँडोलिनचे स्वर वरच्या पट्टीत आणि बास खाली, त्यामुळे मधला भाग रिकामा वाटत होता. तो भरण्यासाठी पीटर होल्सॅपल या पाहुण्या वादकानं अकूस्टिक गिटार धरली. ड्रम, बास, मँडोलिन आणि गिटार जवळजवळ एकत्रच वाजवून मुद्रित केलं गेलं. मिल्सनं बासची जी ओळ बांधली, तिच्यावर फ्लीटवूड मॅक या बँडचा बासवादक जॉन मॅकव्ही याचा ठसा आहे. गाणं लक्ष देऊन ऐकलं तर कळतं की पुढे ढकलणारी शक्ती त्या बासमध्ये आहे आणि मँडोलिन तिच्यावर तरंगतं. वर तंतुवाद्यांचा थर आला. त्याची रचना मार्क बिंगहॅमची, वादक अटलांटा सिंफनी ऑर्केस्ट्रातले. ही वाद्यं कुठेच गाण्याचा ताबा घेत नाहीत, आणि त्या संयमासाठी मला हे ध्वनिमुद्रण फार मोलाचं वाटतं.

स्टाइपनं मुख्य गायन एकाच टेकमध्ये केलं. शीर्षकाचा शब्दप्रयोग अमेरिकेच्या दक्षिणेतला आहे. सहनशक्ती संपणं, आता ताबा सुटतोय अशा टोकाला येणं, हा त्याचा अर्थ. गाणं आहे एकतर्फी ओढीबद्दल. समोरच्याला कळलंय की नाही, आपण जास्त बोललो की कमी, हा हिशेब मनात चालू असलेला माणूस त्यात बोलतो. गाण्याच्या एका ओळीत हा माणूस कोपऱ्यात उभा असतो. पुढच्याच ओळीत स्टाइपनं त्याला सुरुवातीला स्वयंपाकघरात ठेवलं होतं. पार्टीत बुजलेला माणूस उभा राहील अशीच ती जागा. नंतर त्यानं ती बदलून प्रकाशझोत केला, आणि एका लाजाळू माणसाची गोष्ट रंगमंचावर उघड्या पडलेल्या माणसाचीही झाली.

हेच गाणं पहिलं सिंगल म्हणून यावं असा बँडचा आग्रह होता. कंपनीत त्यावरून बराच काळ चर्चा चालली. अखेर होकार मिळाला आणि प्रसाराची आखणी शहाणपणानं झाली. आधी विद्यापीठांची केंद्रं, मग ऑल्टरनेटिव्ह आणि रॉक वाजवणारी केंद्रं, आणि तिथे पाय रोवल्यावरच लोकप्रिय चाळीस गाणी वाजवणारी मोठी केंद्रं. त्या मोठ्या केंद्रांवर हे गाणं कशाच्या मागेपुढे लावायचं हाच प्रश्न पडायचा. पण ऐकणारे ते मागत होते.

व्हिडिओचा वाटाही मोठा आहे. दिग्दर्शक तरसेम सिंग, जन्म जालंधरचा, शिक्षण पुढे कॅलिफोर्नियात. स्टाइप वर्षानुवर्षं व्हिडिओत ओठ हलवून गाणं म्हणायला नकार देत आला होता. गायिका सिनेड ओकॉनरचा चेहरा पडदाभर दाखवणारा व्हिडिओ पाहून त्याचं मत बदललं. तरसेमच्या डोक्यात इटालियन चित्रकार कॅराव्हाज्जोची चित्रं होती, रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्कीचा 'द सॅक्रिफाइस' हा सिनेमा होता, लेखक गार्सिया मार्केझची पंख असलेल्या म्हाताऱ्याची कथा होती, आणि भारतीय सिनेमातला भडक, स्वप्नवत भावनाट्याचा बाजही होता. आधी स्टाइपनं जवळजवळ स्थिर बसावं असं ठरलं होतं. ते जमेना, म्हणून त्याला मोकळं सोडलं आणि हात झटकत, अंग पिळवटत केलेला तो नाच मिळाला. धार्मिक चित्रांमुळे आणि शीर्षकामुळे अनेकांना हे श्रद्धा गमावण्याचं गाणं वाटलं, आजही वाटतं. १९९१ च्या एमटीव्ही पुरस्कारांत या व्हिडिओला सहा पारितोषिकं मिळाली, त्यांत वर्षातल्या सर्वोत्तम व्हिडिओचंही होतं.

मार्चमध्ये आलेला 'आउट ऑफ टाइम' हा अल्बम अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला, तोही दौरा न करता. ब्रिटनमध्ये मात्र हे सिंगल एकोणिसाव्या क्रमांकापलीकडे चढलं नाही. १९९२ च्या ग्रॅमी समारंभात या गाण्याला दोन पुरस्कार मिळाले आणि अल्बमला सर्वोत्तम ऑल्टरनेटिव्ह अल्बमचा.

ऑल्टरनेटिव्ह रॉक मुख्य प्रवाहात आणण्याचं श्रेय बहुतेक वेळा 'निर्वाणा' या बँडच्या 'नेव्हरमाइंड' अल्बमला जातं. तो अल्बम सप्टेंबर १९९१ चा. त्याचा धक्का फार मोठा होता, यात शंका नाही. पण त्याआधी सात महिने एका मँडोलिननं मोठ्या केंद्रांच्या कार्यक्रम ठरवणाऱ्यांना दाखवून दिलं होतं की या वर्तुळातली गाणी त्यांच्याकडेही चालतात. निर्वाणाचा गायक कर्ट कोबेननं स्वतः आर.ई.एम.बद्दल, विशेषतः त्यांनी यश ज्या रीतीनं पेललं त्याबद्दल, मोठ्या आदरानं बोलून ठेवलं आहे.

एवढ्या यशानंतर तेच पुन्हा करण्याचा मोह सोपा होता. चौघांनी १९९२ मध्ये 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' केला. हा अल्बम मृत्यू आणि सरून गेलेल्या काळाबद्दलचा, आधीच्यापेक्षाही संथ, आणि त्यासाठीही दौरा नाही. त्यातून पहिलं सिंगल म्हणून त्यांनी 'ड्राइव्ह' निवडलं. ध्रुवपद त्यालाही नव्हतं.