विहीर आतून, पाइप बाहेरून: वलयाच्या क्षेत्रफळाची पार्श्वभूमी

खानदेशात गोल विहीर बांधायची तर माप सांगतात ते आतलं. समजा आतला व्यास २० फूट, बांधकामाची जाडी दीड फूट, खोली ४० फूट. दगड किती ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागेल ते बांधकामाच्या कंकणाकृती तळावर ठरतं.

जैन ग्रंथांत असं वलय प्रचंड मापाचं येतं: मध्ये १ लाख योजने व्यासाचं जंबूद्वीप, भोवती २ लाख योजने रुंदीचा लवणसमुद्र. बाहेरचा व्यास ५ लाख, म्हणून समुद्राचं क्षेत्रफळ द्वीपाच्या २४ पट. याच परंपरेतले महावीराचार्य राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. इ.स. ८५०च्या सुमाराच्या त्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त वलयाचे दोन नियम आहेत. आतला व्यास माहीत असेल तर त्यात रुंदी मिळवा, बाहेरचा असेल तर रुंदी वजा करा. मग रुंदीने आणि ३ने गुणा. स्थूल हिशोबाला ३, सूक्ष्म हिशोबाला १०चं वर्गमूळ.

विहिरीला ३ घेतले तर ३ × १.५ × २१.५ = ९६.७५ चौरस फूट येतात. खरं उत्तर १०१.३. वर्गमूळ घेतलं तर १०२, म्हणजे किंचित जास्त. हा फरक भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ने (इ.स. ११५०) मिटवला: परिघ म्हणजे व्यास × ३९२७ ÷ १२५०, अर्थात ३.१४१६. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणचा, तेव्हा हे गणित खानदेशाला परकं नाही.

घोळ आकड्यापेक्षा व्यासात जास्त होतो. आतल्या परिघाला नुसतं जाडीने गुणलं की ९४.२५ येतात. सात चौरस फुटांहून किंचित जास्त तूट ४० फूट खोलीला सुमारे २८३ घनफूट होते, म्हणजे पावणेतीन ब्रासहून जास्त. बरोबर हिशोबाने साडेचाळीस ब्रास लागतात (चुना-सिमेंटसह). खोदकामही २० फुटांचं नव्हे, किमान २३ फुटांचं धरायला हवं.

पाइपाचं उलट. ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप म्हणजे बाहेरून ६३. जाडी २ मिलिमीटर असेल तर ३.१४१६ × २ × ६१ = ३८३ चौरस मिलिमीटर. घनता घनसेंटिमीटरला १.४ ग्रॅम धरली तर मीटरला सुमारे ५३७ ग्रॅम भरायला हवेत. वजन बरंच कमी भरलं तर जाडीच कमी दिली आहे, असं समजावं.

जुन्या विहिरीचा मध्य सापडत नाही, आणि शोधायची गरजही नाही. कठड्यावर आतल्या कडेला जेमतेम स्पर्श करेल अशी दोरी बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ताणा. तिच्या निम्म्या लांबीचा वर्ग गुणिले ३.१४१६, झालं वलयाचं क्षेत्रफळ. वरच्या विहिरीला दोरी ११.३६ फूट भरेल. विहिरी क्वचितच नेमक्या गोल असतात, म्हणून तीन-चार ठिकाणी ताणून सरासरी घ्यावी.