फोन म्हातारा होतो म्हणजे त्यातलं नेमकं काय म्हातारं होतं?

आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरमधल्या घरात मागचे पंधरा दिवस एकच विषय चालला होता. माझ्या धाकट्या दिरांनी २०२१ मधे सॅमसंगचा गॅलेक्सी एस२१ घेतला होता, तेव्हा त्याची किंमत ६९,९९९ रुपये होती आणि घरात बरीच चर्चा झाली होती त्यावर. आता पुतण्या कॉलेजला लागला तर भावजी म्हणाले की हाच घे, बॅटरी बदलून टाक, फ्लॅगशिप, म्हणजे कंपनीचा सगळ्यात वरच्या दर्जाचा फोन आहे शेवटी. पुतण्याला मात्र नवीन हवा, त्याने बघून ठेवलेला गॅलेक्सी ए५५, मार्च २०२४ मधे आला तो, तेव्हा ३९,९९९ चा होता आणि आता बराच उतरलाय. त्याच्या मित्राकडे तो होताच, तर दोन दिवसांसाठी घरी आणला आणि दोन्ही फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवून म्हणाला, "काकू, तू फिजिक्स शिकवतेस ना, मग सांग."

आणि मला खरंच आवडला हा प्रश्न, कारण आपण "फोन जुना झाला" असं एका दमात म्हणून टाकतो पण फोन काही एक वस्तू नाही. त्यात आठ-दहा वेगवेगळ्या वस्तू एकत्र बसवल्या आहेत आणि प्रत्येकीचं वय वेगळ्या कारणाने वाढतं, काहींचं तर वाढतच नाही म्हटलं तरी चालेल.

आधी चिप घेऊ, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. भारतात विकलेल्या एस२१ मधे एक्सिनॉस २१०० ही सॅमसंगची स्वतःची चिप आहे. त्यात आठ कोअर, म्हणजे काम करणारे आठ मेंदू, त्यातला एक खूप दांडगा कॉर्टेक्स एक्स१ जो २.९ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, मग तीन कॉर्टेक्स ए७८, आणि चार छोटे जे किरकोळ कामं करतात. ए५५ मधे एक्सिनॉस १४८०, त्यात चार छोटे आणि चार मोठे, आणि ते चार मोठे कोण? तेच कॉर्टेक्स ए७८! म्हणजे २०२१ च्या महागड्या फोनमधे जी दुसऱ्या रांगेतली मंडळी होती तीच २०२४ च्या मिड-रेंजमधे, म्हणजे मधल्या किमतीच्या फोनमधे, पहिल्या रांगेत बसली आहेत. मोठ्या भावाचा चांगला शर्ट धाकट्याला येतो तसंच आहे हे, शर्ट चांगलाच आहे, फक्त आता नवीन कापडाचा शिवलाय, म्हणजे चिप बनवण्याच्या ५ नॅनोमीटरऐवजी ४ नॅनोमीटरच्या पद्धतीने. (हे नॅनोमीटरचे आकडे आता पिढीचं नाव म्हणून वापरतात, चिपमधे मोजायला गेलात तर ४ नॅनोमीटरची नेमकी कुठली गोष्ट सापडेलच असं नाही.)

मग एक्स१ चा फायदा काय, तर झटका. ॲप उघडणं, फोटो प्रोसेस होणं, जड वेबपेज, अशी दोन-चार सेकंदांची कामं तो पटकन उडवतो. पण इथे भौतिकशास्त्र आडवं येतं. चिप जेवढी वीज खाते ती ढोबळमानाने वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग अशी वाढते, आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. समजा वेग १० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के वाढवलं, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे वीज ३३ टक्के जास्त! १० टक्के काम जास्त मिळालं आणि ३३ टक्के उष्णता जास्त झाली, आणि ही उष्णता जाणार कुठे, फोनला पंखा नसतो, ती आपल्या तळहातातून आणि काचेतून हळूहळू बाहेर पडते. इंदूरच्या मे महिन्यात बाहेर ४२ डिग्री असताना तर ती बाहेर पडायलाही तयार नसते. म्हणून फोन स्वतःच वेग कमी करतो, ब्राइटनेस उतरवतो, त्याला थ्रॉटलिंग म्हणतात. शंभर मीटर धावणारा आणि वारीत रोज वीस किलोमीटर चालणारा यांच्यातला फरक आहे हा. ग्राफिक्समधे जुन्याचीच ताकद जास्त आहे, चित्रं रंगवणारा १४ कोअरचा माली जी७८ हा भाग आहे त्यात, पण अर्धा-पाऊण तास गेम खेळला की ती ताकद पूर्ण वापरता येत नाही, आणि पुतण्याने गच्चीवर दुपारी दोन्हीवर एकच गेम लावला तेव्हा जुना आधी तापला आणि आधी मंदावला.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या, ती चिप २०२१ मधे जेवढी वेगवान होती जवळजवळ तेवढीच आजही आहे. सिलिकॉन चार-पाच वर्षांत थकत नाही. लेन्सची काच थकत नाही. स्टोरेजच्या सेल्सना लिहिण्या-पुसण्याची मर्यादा असते हे खरं, पण सेल हजारेक वेळा लिहून होतो असं धरलं तरी १२८ जीबीवर १२८ टीबी लिहून होईल, रोज २० जीबी लिहिलं तरी हिशेब सतरा वर्षांवर जातो, आत थोडं जास्तीचं लिहिणं होतं ते धरून निम्मं करा, तरी काळजी नाही. थकते ती बॅटरी, आणि ती का थकते हे मला पुतण्याला नीट समजवायचं होतं कारण सगळ्या भांडणाचं मूळ तिथेच आहे.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मधे सोनीने बाजारात आणली आणि तिच्या संशोधनासाठी २०१९ मधे जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. चार्ज करताना लिथियमचे आयन एका बाजूने निघून ग्रॅफाइटच्या थरांमधे जाऊन बसतात, वापरताना परत जातात, बस, एवढंच. पण पहिल्यांदा चार्ज होतानाच ग्रॅफाइटवर आतल्या द्रवाचा एक बारीक थर जमतो. तो थर हवाच असतो, तो नसला तर द्रव सतत बिघडत राहील, पण अडचण अशी की तो वाढायचा थांबत नाही. घरी बोरिंगचं पाणी असेल तर गीझरच्या रॉडवर पांढरा थर बसतो बघा, तसंच समजा. आणि हा थर वाढताना थोडं थोडं लिथियम गिळतो, जे मग परत कधी कामाला येत नाही. उष्णता असली की जास्त भरभर वाढतो, १०० टक्के चार्ज करून तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवला तर अजून भरभर. फोन वापरला नाही, नुसता कपाटात ठेवला, तरीही वाढतो.

यातून दोन गोष्टी होतात आणि लोकांना फक्त पहिली माहीत असते. पहिली, बॅटरीत मावतं कमी. एस२१ ची ४००० एमएएच, ती ८० टक्क्यांवर आली की ३२०० उरते, आणि समोर ए५५ ची नवीकोरी ५०००. दुसरी गोष्ट जास्त त्रासाची, आतला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा वाढतो. समजा बॅटरी ३.६ व्होल्टवर आहे आणि कॅमेरा उघडल्यावर फोनने एकदम २ अँपिअर ओढले. नव्या बॅटरीत रोध ०.१ ओहम असेल तर ०.२ व्होल्ट पडतील, ३.४ उरले, ठीक आहे. जुन्यात रोध ०.२५ झाला असेल तर ०.५ व्होल्ट पडतील, उरले ३.१, आणि फोन म्हणतो आता जमत नाही, बंद! भावजींचा फोन १८ टक्के दाखवत असताना फोटो काढायला गेलं की बंद पडायचा तो याचमुळे, आणि ते बिचारे सॉफ्टवेअरला दोष देत बसले होते वर्षभर. ॲपलने २०१७ मधे मान्य केलं होतं की जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग ते मुद्दाम कमी करतात, त्यामागे हेच कारण होतं, असा एकदम बंद पडू नये म्हणून. कारण खरं होतं पण लोकांना आधी सांगितलं नाही, आणि माझ्या मते चूक तिथे होती.

आता कॅमेरा, आणि यासाठी आम्ही रात्री अकरा वाजता सराफ्याला गेलो. दिवसा सोन्याचांदीची दुकानं आणि रात्री भुट्ट्याचा कीस, हे इंदूरबाहेरच्यांना सांगावं लागतं. तिथे दहीवड्याचा दोना, म्हणजे द्रोण, हवेत उडवून पुन्हा हातात झेलतात, एक थेंब सांडत नाही, ते बघायला गर्दी असते. पुतण्या म्हणाला याचाच फोटो काढू दोन्हीने.

कमी उजेडात फोटो खराब होतो त्याचं मूळ कारण प्रकाश कण-कणाने येतो हे आहे. पावसाचे थेंब अंगणात ठेवलेल्या दोन वाट्यांत कधीच अगदी सारखे पडत नाहीत, तसे फोटॉनही पडत नाहीत, आणि हा फरक साधारण वर्गमुळाएवढा असतो. पिक्सेलवर १०,००० फोटॉन आले तर चढउतार १०० चा, म्हणजे १ टक्का, दिसतही नाही. १०० च आले तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के, आणि तोच तो दाणेदारपणा. म्हणून सेन्सर जेवढा मोठा तेवढं बरं. एस२१ चा मुख्य कॅमेरा १२ मेगापिक्सेल, एकेक पिक्सेल १.८ मायक्रोमीटरचा. ए५५ चा ५० मेगापिक्सेल पण पिक्सेल १ मायक्रोमीटरचा, म्हणून भावजी म्हणत होते की बघ पिक्सेल केवढेसे आहेत. पण गुणाकार करून बघितलं तर ए५५ चा पूर्ण सेन्सरच एस२१ पेक्षा साधारण पाव पट मोठा भरतो, आणि रात्री तो चार-चार पिक्सेल मिळून एक करतो, म्हणजे २ मायक्रोमीटरचा एक. लेन्सचं तोंड दोघांचं एफ/१.८. मिड-रेंजचा फोन इथे खरंच पुढे आहे, ते मी अपेक्षिलं नव्हतं.

आता दोन्याकडे या. दोना साधारण दोन मीटर वर जातो म्हटलं तर हातातून सुटताना त्याचा वेग सेकंदाला सव्वासहा मीटर असतो, आणि रात्री फोनने शटर १/३० सेकंद उघडं ठेवलं तर तेवढ्या वेळात दोना वीस सेंटिमीटर सरकतो, फोटोत नुसता पांढरा फराटा. नाइट मोड लावला तर अजून वाईट, कारण त्यात बरेच फोटो एकावर एक रचतात. १६ रचले की दाणे चौपट कमी होतात, स्थिर भिंतीसाठी एकदम छान, पण उडत्या वड्याचं भूत होतं. पुतण्याचे पहिले दहा-बारा फोटो असेच गेले. मग मी त्याला म्हटलं, अरे वरच्या टोकाला त्याचा वेग शून्य असतो ना, तिथे धर! त्या टोकापाशी तेवढ्याच १/३० सेकंदात दोना दीड मिलिमीटरसुद्धा हलत नाही. आणि जमला, एस२१ वर दुसऱ्याच प्रयत्नात, कारण बटण दाबल्यावर तो लगेच फोटो घेतो. ए५५ ला किंचित उशीर होतो, दोना खाली यायला लागलेला असायचा, सात-आठ वेळा चुकल्यावर मग अंदाजाने आधी बटण दाबायला लागला पोरगा आणि मिळाला. मोठं करून बघितलं तर ए५५ च्या फोटोत मागचा तवा आणि धूर जास्त स्वच्छ आहे. म्हणजे उजेड नव्याने जास्त गोळा केला, चपळाई जुन्याची जास्त.

बाकीचं पटकन सांगते. वायरलेस चार्जिंग जुन्यात आहे, नव्यात नाही. कॉम्प्युटरला केबलने व्हिडिओ टाकायचे असतील तर जुन्याचं यूएसबी ३.२ आणि नव्याचं २.०, फरक जाणवतो. जुना १६९ ग्रॅम, नवा २१३, आईंना जुनाच आवडला हातात धरायला. ओएलईडी स्क्रीनमधला निळा रंग लवकर झिजतो, म्हणून कुठलाही जुना फोन घेताना पूर्ण स्क्रीनवर राखाडी रंग लावून कीबोर्डची सावली दिसते का ते बघा. आणि जुन्या फोनवर लिहिलेलं आयपी६८, म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही याचं मानांकन, एकदा बॅटरीसाठी फोन उघडला की धरू नका, ते सगळं कडेच्या गोंदावर असतं.

खरा निकाल लागला तो मात्र ज्या गोष्टीला वजनही नाही आणि उष्णताही नाही तिच्यावर, अपडेट. एस२१ अँड्रॉइड ११ वर आला, चार मोठी अपडेट मिळाली, अँड्रॉइड १५ वर थांबला, आणि सुरक्षेच्या पॅचचं वचन पाच वर्षांचं होतं, ते २०२१ पासून मोजा. ए५५ अँड्रॉइड १४ वर आला, त्यालाही चार अपडेट आणि पाच वर्षं पॅच, पण मोजायला सुरुवात २०२४ पासून, म्हणजे २०२९ पर्यंत. लोक म्हणतात अपडेट नाही आलं तर काय बिघडलं, फोन चालतोय ना. बिघडतं हे की कुठेतरी एक भोक सापडतं, नव्या फोनमधे ते बुजवतात, आणि बुजवल्याची बातमी झाल्यावर जुन्या फोनमधलं भोक सगळ्यांना माहीत होतं. ज्या फोनमधे यूपीआय आहे, बँकेचे ओटीपी येतात, त्यात हे मला चालणार नाही, चिप कितीही चांगली असली तरी. आणि ही मुदत कुठल्या रसायनामुळे संपत नाही, कंपनीने ठरवली म्हणून संपते, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण तो फोन अजून चांगला आहे.

तर पुतण्यासाठी ए५५ घेतला. आणि एस२१ ला नवीन बॅटरी टाकली. त्यातही आधी एकदा जेल रोडला एका दुकानातून स्वस्तातली टाकून घेतली होती भावजींनी, चार महिन्यांत ती फुगली आणि मागचं पॅनल उचललं गेलं. फुगणं म्हणजे आत गॅस झालाय, अशा वेळी चार्जिंग ताबडतोब थांबवायचं आणि वर आलेलं पॅनल दाबून परत बसवायला जायचं नाही, फोन तसाच सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यायचा. यावेळी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून ओरिजिनल टाकली, पैसे जास्त गेले पण कॅमेरा उघडल्यावर फोन आता बंद पडत नाही. त्यातून बँकेची ॲप्स काढली, सिम काढलं, आणि तो आता घरातला कॅमेरा झालाय, भावजी ८० टक्क्यांच्या वर चार्ज करत नाहीत आणि रविवारी परत सराफ्याला जायचं म्हणतात, यावेळी त्यांना स्वतः वड्याचा फोटो काढायचाय.