टॅबी मांजराचे पट्टे येतात कुठून?

टॅबी ही मांजरांची एक जात असावी, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो अंगावरच्या नक्षीचा प्रकार आहे आणि त्याचं नाव आलंय कापडावरून. मध्ययुगीन बगदादमध्ये अत्ताबिया नावाचा मोहल्ला होता. तिथल्या पट्टेदार रेशमी कापडाला ‘अत्ताबी’ म्हणत. फ्रेंचांनी त्याचं ‘ताबी’ केलं, इंग्रजीत ‘टॅबी’ झालं. पुढे लाटांसारखी झळाळी असलेल्या रेशमालाही हेच नाव पडलं आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस ते पट्टेरी मांजरांना चिकटलं.

पट्टे केसांवर दिसत असले, तरी त्यांची आखणी केस उगवण्याआधीच झालेली असते. गर्भाची त्वचा काही ठिकाणी जाड, काही ठिकाणी पातळ होते. जाड पट्ट्यांमध्ये डीकेके४ हे जनुक सक्रिय असतं, हे २०२१ साली दाखवण्यात आलं. त्याचं प्रथिन पेशींमधल्या ‘विंट’ या संदेशाला आवर घालतं. चालना देणारा घटक जवळपासच काम करतो आणि रोखणारा दूरवर पसरतो, तेव्हा एकसारख्या पृष्ठभागावरही आपोआप नक्षी उमटते. ब्रिटिश गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५२ साली हे गणितानं मांडलं होतं; मांजराच्या कातडीत त्याला इतका नेमका दुजोरा मिळावा, हे फार सुंदर आहे.

रंग नंतर भरला जातो. पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेतल्या प्रत्येक केसावर गडद आणि पिवळसर कडी आलटून पालटून असतात, म्हणून तो भाग करडा दिसतो. ही कडी अगूटी जनुकामुळे येतात. पट्ट्यातला केस मात्र जवळजवळ पूर्ण गडद असतो.

टॅकपेप जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या, तर अरुंद पट्ट्यांऐवजी रुंद, वळणदार डाग उमटतात. याच जनुकातल्या बिघाडामुळे ‘किंग चित्ता’, म्हणजे ठिपक्यांऐवजी मोठे डाग-पट्टे असलेला चित्ता, तयार होतो. १९२७ साली त्याला चक्क वेगळी प्रजाती ठरवलं गेलं होतं! डीकेके४मध्ये बदल असलेल्या अ‍ॅबिसिनियन मांजरांच्या अंगावर तर पट्टेच उरत नाहीत.

काळ्या मांजरात अगूटीच्या दोन्ही प्रती निकामी असतात. त्यामुळे कडी नाहीशी होऊन सगळे केस गडद होतात, पण खालची आखणी शाबूत राहते. काळं पिल्लू तिरप्या उन्हात धरून पाहा, अंधूक पट्टे बहुधा दिसतील. नारिंगी मांजरांत अगूटी निकामी असलं तरी नक्षी झाकली जात नाही, म्हणून प्रत्येक नारिंगी मांजर टॅबीच असतं.