‘सुधारगृहात रवानगी’ या ओळीच्या पुढे

कोकणपट्टीवरच्या वर्तमानपत्रांत ही बातमी अधूनमधून येतच असते. पालघर-रायगडकडच्या वीटभट्टीवरून एखाद्या कुटुंबाची, गोव्यातल्या लॉजवरून दोन-तीन मुलींची, मुंबईतल्या कारखान्यातून लहान पोरांची सुटका. बातमी मुलींची किंवा बायकांची असली, की शेवटचं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: ‘त्यांची सुधारगृहात रवानगी करण्यात आली.’ रवानगी हा शब्द आपण मालाला लावतो आणि कैद्याला लावतो. जिच्यावर गुन्हा झाला तिलाही तोच लावून बातमी संपते. तिथून पुढे त्या बाईचं, त्या पोराचं काय होतं, हे वाचणाऱ्याला क्वचितच कळतं. पण त्या पुढच्या वाटेलाही या किनाऱ्यावर जुना इतिहास आहे. तो घडवला मुख्यतः त्यातून गेलेल्यांनी, आणि कायदा त्यांच्या मागून आला.

माणूस विकणं इथे नवं नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात राहिलेल्या लिन्शोटेन या डच माणसाने तिथल्या भर रस्त्यावर चालणाऱ्या गुलामांच्या विक्रीचं वर्णन लिहून ठेवलं आहे. पेशवाईत कुणबिणी आणि बटकी, म्हणजे घरकामाच्या दासी, विकत घेतल्या जात. ‘मी काय तुमची बटीक आहे का?’ असं घरातली बाई चिडून आजही म्हणते, तेव्हा ती कुणा खऱ्या बाईचं नाव घेत असते, हे आपल्या ध्यानात येत नाही. १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनीच्या मुलखातल्या कोर्टांनी गुलामावरचा मालकी हक्क मानणं बंद केलं. मालकाचा दावा उभा राहीना, एवढंच झालं. सुटलेल्या बटकीने जायचं कुठे, खायचं काय, याबद्दल त्या कायद्यात अक्षर नव्हतं.

उत्तर कोकणात, डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात, माणूस बाजारात नव्हे, लग्नात जात होता. वारली तरुणाने लग्नासाठी सावकाराकडून पैसे उचलले, की तो सावकाराचा ‘लग्नगडी’ झाला. त्याची नवरीही त्याच्यामागोमाग त्याच कामाला लागायची. हिशेब सावकाराच्या वहीत आणि ती वही वाचू शकणारं पाड्यावर कुणी नाही. कर्ज फिटायचंच नाही, उलट बापाच्या माथ्यावरचं मुलाच्या माथी यायचं. मालक बायकांशी कसा वागतो हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तोंडातून कुणी काढत नव्हतं.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे माह्या धांगडा आणि त्यांच्याबरोबरचे काही वारली पोचले आणि वेठीची हकिगत त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितली. मला ही घटना या सगळ्या इतिहासातली फार मोठी वाटते. त्यांची बाजू दुसऱ्या कुणी मांडली नाही. ज्याच्या पाठीवर वळ होते तोच बोलला. त्यानंतर २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले, वेठ करायची नाही असं ठरलं, आणि जथे सावकारांच्या घरी जाऊन लग्नगड्यांना बाहेर बोलावू लागले. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर पाठीशी होते, पण दारात जाऊन ‘चल’ म्हणणारे वारलीच होते. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. त्या भागात तो दिवस अजून पाळतात.

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. सुटलेला लग्नगडी कुठल्या संस्थेत गेला नाही, तो आपल्या पाड्यावर परत आला. शेजारचाही कालपर्यंत लग्नगडीच होता, तेव्हा लाजायचं कुणाला? रात्री जे आठवे ते सांगायला ऐकणारं माणूस होतं, आणि ऐकणाऱ्याला ते समजावून द्यावं लागत नव्हतं. सावरण्यासाठी आज समुपदेशक जे जुळवून आणायचा प्रयत्न करतात, ते तिथे पाड्यानेच केलं.

देशभरासाठी वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा यायला १९७६ उजाडलं. तोही आपोआप चालला नाही. वसईच्या उसगावात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी विधायक संसद सुरू केली आणि १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली, ती वेठीतून मोकळ्या झालेल्या आदिवासींच्या बळावर. भट्टीवर मजूर ज्या तात्पुरत्या खोपटात राहतो त्याला भोंगा म्हणतात. नव्वदच्या दशकात या मंडळींनी भट्टीवरच शाळा काढली, तिचं नाव भोंगाशाळा. वेठीतून सुटलेल्याचं पोर पुन्हा विटा वाहणार नाही, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. १९९९ चा ‘अँटी-स्लेव्हरी अवॉर्ड’ पंडित दांपत्याला मिळाला.

दक्षिणेकडे, सिंधुदुर्ग आणि गोव्यात, प्रश्नाचा चेहरा वेगळा होता. भाविणी आणि कलावंत घराण्यांत मुलीला देवाच्या नावाने वाहत, तिचा ‘शेंस’ हा लग्नासारखा विधी होई आणि पुढचं तिचं आयुष्य तिला न विचारता ठरे. याला आजच्या अर्थाने मानवी तस्करी म्हणणं बरोबर होणार नाही. त्या घराण्यांतून गाण्याची केवढी परंपरा आली, हे विसरून चालणार नाही. पण मुलीची संमती कुणी विचारली नव्हती, हेही तितकंच खरं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या प्रथेविरुद्ध आवाज उठला तो त्याच समाजातून. राजाराम पैंगीणकरांसारख्यांनी शेंस बंद पाडण्यासाठी घरच्यांचा आणि देवस्थानच्या महाजनांचा रोष ओढवून घेतला. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच ‘मी कोण?’ असं आहे. गोमंतक मराठा समाज हे नाव घेऊन, मुलांना शाळेत घालून, लग्नं लावून हा समाज दोन-तीन पिढ्यांत उभा राहिला. मुंबई इलाख्यातला देवदासी संरक्षण कायदा १९३४ चा. त्याच्या आधीच हे काम सुरू झालं होतं.

मुंबईत मात्र सगळं सरकारच्या हातात राहिलं, आणि तिथेच ‘रवानगी’ची सवय लागली. १९१७ साली डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात आकूताई नावाच्या बाईला, ती पळून जायला बघत होती म्हणून, छळ करून मारण्यात आलं. शहर हादरलं आणि पुढे १९२३ चा मुंबईचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा आला. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या तेविसाव्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठ दोन्ही निषिद्ध ठरवली, आणि १९५६ चा अनैतिक व्यापाराचा कायदा झाला. त्याच्या सतराव्या कलमाखाली सोडवलेल्या बाईला दंडाधिकारी एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवू शकतो. हेतू वाईट नव्हता. पण गजाआडून गजाआड गेलेल्या बाईला दोन्हींतला फरक कसा कळावा?

फेब्रुवारी १९९६ मध्ये कामाठीपुऱ्यात मोठी धाड पडली आणि चारशेहून अधिक मुली सोडवल्या गेल्या. त्यांतल्या पुष्कळ नेपाळच्या होत्या. त्या महिनोन्‌महिने मुंबईच्या गृहांत अडकून पडल्या. त्यांना परत घ्यायला नेपाळ सरकार तयार होईना, आजाराची भीती पुढे केली गेली, नागरिकत्वाची कागदपत्रं मागितली गेली. शेवटी तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला आणि जुलैमध्ये १२८ जणी परतल्या. काठमांडूत त्यांना हक्कांचं प्रशिक्षण मिळालं, आणि त्यांतल्याच काहींनी मिळून शक्ती समूह ही संस्था काढली. तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांनी स्वतः स्थापन केलेली ही संस्था. २००० मध्ये तिची नोंदणी झाली, २०१३ मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. संस्थापकांपैकी चारीमाया तामांग यांनी आपल्याला विकणाऱ्यांवर गुन्हा दाखल केला आणि त्यांना शिक्षा झाली. कामाठीपुऱ्यातून निघालेली ही गोष्ट. तरी मुंबईत ती फारशी सांगितली जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

गोव्यात डोळे उघडले ते मुलांच्या बाबतीत. मडगावात अनाथ मुलांचं घर चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल १९९१ मध्ये अटक झाली, १९९६ मध्ये जन्मठेप. हा खटला तडीला जावा म्हणून पत्रकार शीला बारसे झगडल्या. गोव्याचा २००३ चा बालकायदा याच मंथनातून आला आणि त्यात मुलांच्या तस्करीची व्याख्या घातली गेली. पण पुढच्याच वर्षी, जून २००४ मध्ये, ऐन पावसात, वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरची वेश्यावस्ती बुलडोझरखाली गेली. कर्नाटक-आंध्रातून आणलेल्या कितीतरी बायका पुनर्वसनाचं बोलणं चालू असतानाच उघड्यावर आल्या आणि पांगल्या. तिथे आधीपासून काम करणाऱ्या ‘अर्ज’ या संस्थेने मग ‘स्विफ्ट वॉश’ नावाची यंत्रांवरची लॉण्ड्री सुरू केली. सुटलेल्या बायका तिथे नोकरी करतात, पगार घेतात, आणि समुपदेशनही सोबत चालतं. शिवणयंत्र हातात ठेवून निरोप देण्यापेक्षा हे वेगळं आहे. महिन्याच्या महिन्याला पगार येत असेल तर दलालाला ‘नाही’ म्हणता येतं.

मन सावरायला वेळ लागतो, आणि आपली व्यवस्था तो वेळ देत नाही. सुटलेल्या मुलीला तीच हकिगत पोलिसांना सांगावी लागते, डॉक्टरला, दंडाधिकाऱ्यासमोर, बालकल्याण समितीत, आणि काही वर्षांनी भर कोर्टात उलटतपासणीत. झोप न येणं, अचानक रागाचा भडका, ज्याने विकलं त्याच्याचबद्दल ओढ वाटणं, घरच्यांच्या नजरेची धास्ती, हे सगळं त्या काळात चालूच असतं. मग तारीख चुकली किंवा तपशील मागेपुढे झाला, की ती ‘फितूर’ ठरते. २००२ मध्ये ‘प्रेरणा’ संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की कुंटणखान्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलीला काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल समजा. २०२० मध्ये याच न्यायालयाने तीन सज्ञान स्त्रियांना वर्षभर संस्थेत ठेवण्याचा आदेश रद्द केला. सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध डांबून ठेवता येणार नाही, हे कुणीतरी लिहून देण्याची गरज होतीच.

पैशाचंही तसंच. वेठबिगारांसाठीच्या केंद्राच्या २०१६ च्या योजनेत पुरुषाला एक लाख, स्त्री किंवा मुलाला दोन लाख आणि कुंटणखान्यासारख्या टोकाच्या शोषणातून सुटलेल्यांना तीन लाख ठरले. पण पूर्ण रक्कम मालकावर दोष सिद्ध झाल्यावर. तोवर हातात तातडीची मदत आणि मुक्ती प्रमाणपत्र, म्हणजे वेठीतून सुटल्याचा सरकारी दाखला, तेही प्रांताधिकाऱ्यांनी दिलं तर. अलीकडे वेगवेगळ्या राज्यांतल्या सुटलेल्या स्त्री-पुरुषांनी मिळून इंडियन लीडरशिप फोरम अगेन्स्ट ट्रॅफिकिंग हा मंच बांधला आहे. त्यांची मुख्य मागणी अशी, की पुनर्वसन बंद दाराआड नको, आमच्या गावात, आमच्या माणसांत करा. ऐंशी वर्षांपूर्वी झरीने केलं ते हेच.

रायगडातल्या कातकरी वाड्यांवर या मागणीचा अर्थ लगेच कळतो. पुष्कळ घरांच्या खालची जमीन घरवाल्याच्या नावावर नाही. पावसाळ्यात हाताला काम नसतं, घरात दाणा नसतो, तेव्हाच मुकादम येऊन उचल देऊन जातो. भात कापून दिवाळी झाली, की टेम्पो वाडीच्या तोंडाशी उभा राहतो. भांडी, कोंबड्या, अंथरुणं आणि पोरं त्यात चढतात आणि जूनपर्यंत शाळेचा पट रिकामा होतो. मुक्ती प्रमाणपत्र पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेल्या बाईलाही त्या सकाळी ठरवायचं असतं, चढायचं की नाही. त्या वेळी वाडीवर रोजगार हमीचं काम निघालेलं असेल, रेशनवर धान्य आलेलं असेल, आणि शेजारची बाई तिच्या बाजूला उभी राहून मुकादमाशी बोलत असेल, तर ती नाही चढत.