रामसरचा पैसा आणि अभयारण्याचा पैसा

जानेवारी २०२० मध्ये नाशिक जिल्ह्यात निफाडजवळची नांदूरमध्यमेश्वरची पाणथळ महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरल्याची बातमी आली. तेव्हापासून निफाडकडच्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आता काय, बाहेरून निधी येतो!" बाहेरून म्हणजे परदेशातून. तसं काही नाही. रामसर हा १९७१ चा आंतरराष्ट्रीय करार, भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. तो पाणथळीला मान देतो आणि ती जपण्याची जबाबदारी देशावर टाकतो. दरवर्षी हप्ता पाठवत नाही.

पैसा आपल्याच सरकारचा, पण तो येण्याच्या वाटा दोन. दोन्ही योजना केंद्र पुरस्कृत, दोन्हींचं केंद्रीय मंत्रालय एकच, आणि वाटणीही साधारण सारखीच: ६० टक्के केंद्र, ४० टक्के राज्य. गल्लत होणार नाही तर काय होईल?

पहिली योजना पाण्याची. सरकारी भाषेत एनपीसीए, म्हणजे राष्ट्रीय जलीय परिसंस्था संवर्धन योजना. जुना पाणथळ कार्यक्रम आणि तलाव संवर्धन योजना एकत्र करून २०१३ मध्ये ती आली. गाळ, सांडपाणी, पाणवेली, पाणलोटातली धूप, काठाची झीज ही तिची कामं. त्यासाठी आधी त्या पाणथळीचा व्यवस्थापन आराखडा लागतो आणि प्रस्ताव राज्याकडून जावा लागतो. रामसर दर्जा इथे उपयोगी पडतो, कारण अशा जागेचा प्रस्ताव वजनदार दिसतो. पण नुसत्या दर्जावर रुपया सुटत नाही.

दुसरी आहे वन्यजीव अधिवासांचा एकात्मिक विकास. तिला रामसरशी देणंघेणं नाही. तिला लागतं अभयारण्य किंवा तसंच एखादं संरक्षित क्षेत्र, आणि नांदूरमध्यमेश्वर १९८६ पासून अभयारण्य आहेच. वन्यजीव विभाग वर्षाचा कार्य आराखडा करतो, त्यात गस्त, संरक्षण कुटी, हद्दीच्या खुणा, निरीक्षण मनोरे, गावकऱ्यांसाठीची कामं असं सगळं बसतं. येवल्याजवळच्या ममदापूरला पाणथळ नावालाही नाही, काळविटांचा माळ आहे. पण ते संवर्धन राखीव क्षेत्र असल्यामुळे या योजनेचं दार त्यालाही उघडं आहे.

आता चापडगावच्या बाजूने काठावर जा आणि एखाद्या मनोऱ्यावर चढा. पायाखालचा मनोरा हे दुसऱ्या योजनेचं काम. समोर पाण्यावर पसरलेला पाणवेलींचा हिरवा थर आणि त्याखाली साचलेला गाळ हे मुख्यतः पहिल्या योजनेचं. रोहित नि चित्रबलाक कुठल्या हिशेबात धरायचे, हे त्यांना विचारून उपयोग नाही.

क्षेत्रफळही एक नाही. अभयारण्य सुमारे १०० चौरस किलोमीटरचं, त्यात गावं आणि शेतं आली. रामसर स्थळ त्याच्या आतलंच, पण फक्त १,४३७ हेक्टर, म्हणजे साधारण १४ चौरस किलोमीटर. 'रामसरमुळे आमच्या जमिनीवर बंधनं आली' ही तक्रार म्हणूनच चुकीच्या पत्त्यावर जाते. अभयारण्याची बंधनं १९७२ च्या वन्यजीव कायद्याची, इथे रामसर दर्जा मिळण्याच्या कितीतरी आधीची.

मला खरी अडचण वेगळीच वाटते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या इंग्रजांच्या काळातल्या बंधाऱ्यामुळे ही पाणथळ झाली, आणि बंधारा सिंचनाचा. पाणी कधी अडवायचं, कालव्यांत कधी सोडायचं हे जलसंपदा विभाग ठरवतो. पातळी पटकन उतरली की उथळ दलदल उघडी पडते, चढली की बुडते. चिखलात चोच खुपसून जगणाऱ्या पक्ष्यांसाठी हाच सगळा खेळ, आणि तो दोन्ही योजनांच्या हाताबाहेरचा. वर नाशिक शहराचं सांडपाणी गोदावरीतून खाली येतं, त्याचा उपाय पुन्हा शहरातच करावा लागतो.

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या फुगवट्यावरही हिवाळ्यात पाखरं उतरतात. पण २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून खास पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. नांदूरमध्यमेश्वरचा बंधाराही सिंचनाचाच, पण त्याच्यामागे अभयारण्याचा कायदा आणि रामसरचं नाव उभं आहे. गंगापूरमागे यातलं काहीच नाही.

तेव्हा ग्रामसभेत किंवा माहिती अधिकारात 'रामसरचा निधी किती आला' असं विचारलंत तर उत्तर गोल येईल. वन्यजीव विभागाकडे वार्षिक कार्य आराखडा आणि मंजूर रक्कम मागा. पाणथळीचा व्यवस्थापन आराखडा आणि एनपीसीएच्या प्रस्तावाची प्रत राज्याच्या पाणथळ प्राधिकरणाकडे, वेगळ्या अर्जाने मागा.