बसच्या टपाला चंदेरी रंग: चमक आणि गारवा यांचा खुलासा

जुनी बस घेऊन तिचे फिरते घर करणाऱ्यांना हमखास सल्ला मिळतो की टपाला चंदेरी रंग द्या, जितकी चमक जास्त तितका गारवा जास्त. यात अर्धे तथ्य आहे, कारण चमकदार पृष्ठभाग ऊन परतवतो हे खरेच. मात्र पत्रा गार राहण्यासाठी शोषलेली उष्णता बाहेर टाकण्याची क्षमताही लागते आणि ॲल्युमिनियमयुक्त रंगात ती बरीच कमी असते. पांढरा परावर्तक लेप नवा असताना साधारण 80 टक्के ऊन परतवतो आणि उरलेली उष्णताही सहज उत्सर्जित करतो. म्हणून नाशिकच्या मे महिन्यातील उन्हात तोच सरस ठरतो.

पडताळणी सोपी आहे. आतून छत बसवण्यापूर्वी टपावर दोन्ही रंगांचे हातभर पट्टे द्यावेत आणि भर दुपारी पत्र्याचे तापमान आतल्या बाजूने मोजावे. पृष्ठभागाने उत्सर्जित केलेल्या उष्णतेवरून तापमान सांगणारा इन्फ्रारेड थर्मामीटर वरून चंदेरी पट्ट्यावर रोखल्यास तो प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो, आणि गैरसमज टिकण्याचे एक कारण बहुधा हेच असावे. पांढरा लेप धुळीने मळला की परावर्तन घटते, त्यामुळे टप अधूनमधून धुवावे लागते.