स्तोत्र २३ आणि गीत २३

मराठी चर्चमध्ये पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याची एक चूक ठरलेली असते. पाळक म्हणतात, "स्तोत्र तेवीस," आणि पाहुणा हातातल्या गीतांच्या पुस्तकातलं २३ नंबरचं गीत काढून बसतो. शेजारचे आजोबा मग हळूच आपलं पवित्र शास्त्र त्याच्यापुढे सरकवतात. थोड्या वेळाने "गीत तेवीस" ऐकू आलं की तो शहाणा होऊन शास्त्रच उघडतो आणि पुन्हा चुकतो.

दोष त्याचा नाही. मराठीत देवाची स्तुती पद्यात म्हटली की ते स्तोत्र. रामरक्षा स्तोत्र आणि भीमरूपीही स्तोत्रच. पण जरा थांबून पाहिलं तर या दोन्हींत एक फरक आहे. रामरक्षा स्वतःबद्दल सांगते की शंकराने ती स्वप्नात सांगितली आणि बुधकौशिकाने सकाळी उठून लिहून काढली. भीमरूपी रामदासांनी रचली. एक मिळालेली, एक रचलेली. आपण दोन्ही एकाच सुरात म्हणतो आणि पुढे जातो. ख्रिस्ती मंडळींमध्ये मात्र नेमक्या याच फरकावरून शतकानुशतकं भांडणं झाली, मंडळ्या फुटल्या, एकदा तर प्रकरण चर्चच्या कोर्टात गेलं.

ख्रिस्ती मराठीत 'स्तोत्र' म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं एक प्रकरण. अशी स्तोत्रं १५०, मूळ हिब्रूत. त्यांपैकी ७३ स्तोत्रांच्या मथळ्यात इस्राएलच्या दावीद राजाचं नाव आहे. त्यांत भर पडत नाही आणि त्यांतलं काही कमीही होत नाही. 'गीत' म्हणजे नंतरच्या कोणा माणसाने उपासनेत गाण्यासाठी केलेली रचना. गीतं हजारो आहेत, दरवर्षी नवी येतात आणि जुनी विसरली जातात.

कानाला दोन्ही सारखी वाटतात, कारण गायली की दोन्हींना चाल लागते. कागदावर पाहिलं तर घडण वेगळी दिसते. हिब्रू स्तोत्रात आपल्यासारखं यमक किंवा मात्रांचं गणित नाही. तिथे एकच गोष्ट दोनदा, किंचित वळवून सांगितली जाते: आकाश देवाचा महिमा सांगतं, अंतराळ त्याच्या हातचं काम दाखवतं. विचाराला विचार जुळतो, म्हणून भाषांतरात ही घडण टिकते, मराठीतही टिकली आहे. गीताचं उलट असतं. त्याचा जीव कडव्यात, यमकात आणि चालीत. ते भाषांतरात आणायचं तर नव्याने रचावं लागतं.

गोंधळ मात्र बायबलपासूनच आहे. शेवटच्या भोजनानंतर येशू आणि शिष्य गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाले, असं मत्तय आणि मार्क लिहितात. तिथलं ग्रीक क्रियापद 'हिम्न', म्हणजे गीत, या शब्दाचं आहे, पण वल्हांडण या यहुदी सणाच्या रिवाजानुसार ते गायले असावेत ती स्तोत्रं, ११३ ते ११८ मधली. प्रेषित पौल कलस्सै गावच्या मंडळीला पत्र लिहिताना स्तोत्रं, गीतं आणि आध्यात्मिक गायनं असे तीन शब्द एका दमात वापरतो. तुम्ही म्हणाल, झालं की, तीन वेगळे प्रकार! पण स्तोत्रांशिवाय काहीच गाऊ नये असं मानणारे लगेच दाखवून देतात की जुन्या ग्रीक भाषांतरात स्तोत्रसंहितेच्या मथळ्यांमध्येच हे तिन्ही शब्द सापडतात. त्यांच्या मते पौल तीन नावांनी एकाच पुस्तकाबद्दल बोलतो आहे. मला हा युक्तिवाद ओढूनताणून आणलेला वाटतो, पण तो खोडणं दिसतं तितकं सोपं नाही.

गीतं सुरुवातीपासून होती यात शंका नाही. इसवी सन ११२ च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमन अधिकारी सम्राटाला कळवतो की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गातात. मग चर्चला गीतांची भीती कशाची? गाणं डोक्यात बसतं, याची. एरियस या धर्मगुरूने आपली मतं पद्यात बांधली, आणि येशूला पित्याच्या बरोबरीचा न मानणारी ती शिकवण लोकांच्या तोंडी बसली. चौथ्या शतकात लाओदिकियाच्या धर्मसभेने खासगी रचना चर्चमध्ये म्हणायला मनाई केली. त्याच शतकात मिलानच्या बिशप अँब्रोजने उलट रस्ता धरला. ३८६ मध्ये सम्राटाची आई जस्टिना एरियसपंथीयांसाठी एक चर्च मागत होती, आणि अँब्रोजचे लोक चर्चमध्ये ठाण मांडून बसले होते. त्यांचा धीर सुटू नये म्हणून पूर्वेकडच्या रीतीने गाणं सुरू झालं, असं त्या काळचा धर्मपंडित ऑगस्टीन लिहितो. अँब्रोजची गीतं आठ-आठ अक्षरांच्या चार ओळींची, कोणालाही पाठ होतील अशी. म्हणजे वादात वापरलेलं हत्यार दोन्ही बाजूंनी एकच होतं.

खरी फूट पडली सोळाव्या शतकात. जर्मन धर्मसुधारक लूथरच्या बाजूने १५२४ मध्ये आठ गीतांचं छोटं पुस्तक निघालं. त्यांतली चार लूथरची. त्याचं सर्वांत गाजलेलं गीत, देव हा आमचा भक्कम गड सांगणारं, ४६ व्या स्तोत्रावरून सुचलेलं आहे. पण मूळ स्तोत्रात ख्रिस्ताचं नाव नाही, लूथरने ते घातलं. धागा स्तोत्राचा, वीण लूथरची. म्हणून ते गीत.

जिनिव्हाचा धर्मसुधारक कॅल्व्हिन याला हे मंजूर नव्हतं. ऑगस्टीनचा आधार घेऊन तो म्हणतो की देवाला शोभेल असं गाणं माणूस तेव्हाच गाऊ शकतो, जेव्हा ते देवाकडूनच मिळालेलं असतं. मग स्तोत्रांहून चांगलं काय शोधायचं? क्लेमां मारो आणि तेओदोर द बेझ यांनी स्तोत्रं फ्रेंच छंदात बसवली, आणि १५६२ मध्ये जिनिव्हात सगळी १५० पुरी झाली. सोबत दहा आज्ञा आणि शिमोनाचं गीत होतं, पण तेही शास्त्रातलंच. चर्चमध्ये सगळे एकाच सुरात गात, वाद्याविना.

इथे आणखी एक घोटाळा. छंदात बसवलेलं स्तोत्र दिसतं हुबेहूब गीतासारखं: कडवी, यमक, चाल. फरक शब्दांच्या निष्ठेत असतो. १६५० चं स्कॉटलंडचं स्तोत्रपुस्तक वाचताना इंग्रजी वाक्यं उलटीपालटी वळलेली दिसतात, कारण मात्रा तर जुळायला हव्यात आणि मूळचा शब्द सोडवत नाही. कविता म्हणून ते अवघडलेलं वाटतं, पण ते अवघडलेपणच प्रामाणिकपणाची खूण होती.

ही कसरत आयझॅक वॉट्स या इंग्लिश पाळकाने झुगारून दिली. १७०७ मध्ये त्याने स्वतःच्या गीतांचं पुस्तक काढलं, आणि १७१९ मध्ये त्याहून धाडसी काम केलं: दाविदाची स्तोत्रं नव्या कराराच्या भाषेत पुन्हा रचली. त्याचं म्हणणं सरळ होतं. दावीद ख्रिस्ताच्या कितीतरी आधीचा. आज आपण त्याचे शब्द तोंडी घेतो तर ते ख्रिस्ती माणसाचे शब्द वाटायला हवेत. मग त्याने शत्रूंना दिलेल्या शापांच्या ओळी गाळल्या, काही स्तोत्रं सबंध सोडली, मसीहाच्या जागी सरळ येशू घातला. काही ठिकाणी इस्राएलच्या जागी ब्रिटनही आला! अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तिथल्या मंडळ्यांना हा ब्रिटन घशाखाली उतरेना, म्हणून १७८५ मध्ये जोएल बार्लोकडून पुस्तक दुरुस्त करून घेण्यात आलं. १८१३ मध्ये मुंबईत अमेरिकन मिशनचं काम सुरू करणारे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट याच वॉट्सवर वाढलेल्या मंडळ्यांतून आले होते.

विरोधही जोरदार झाला. वॉट्सच्याही आधी लंडनमध्ये बेंजामिन कीच हा बॅप्टिस्ट पाळक प्रभुभोजनानंतर एक गीत गायला लावत असे. पुढे ते दर रविवारच्या उपासनेच्या शेवटी ठेवलं, म्हणजे ज्यांना पटत नाही त्यांना आधी उठून जाता येईल. तरीही काही जण कायमचे गेले. इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्ये शेफील्डच्या थॉमस कॉटरिलने गीतांचं पुस्तक लोकांच्या हाती दिलं, तेव्हा प्रकरण यॉर्कच्या धर्मन्यायालयात गेलं. १८२० मध्ये आर्चबिशपांनी मध्यस्थी करून ते मिटवलं. स्कॉटलंडच्या फ्री चर्चने तर २०१० मध्ये सभेत मत घेऊन गीतांना आणि वाद्यांना वाट दिली, तीही थोड्याशा बहुमताने.

बाहेरच्याला हे हट्टीपण वाटेल. मला त्यात एक न्याय्य प्रश्न दिसतो: मंडळीच्या तोंडात शब्द घालायचा अधिकार कोणाचा? गीत चुकलं तर ते बदलता येतं, आणि बदलतातही. इंग्लिश गीतकार चार्ल्स वेस्लीच्या एका नाताळ गीताची पहिली ओळ जॉर्ज व्हाइटफील्ड या प्रचारकाने परस्पर बदलली, आणि आज सारं जग बदललेलीच ओळ गातं. चार्ल्सचा भाऊ जॉन वेस्ली याने १७८० च्या गीतांच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत विनवलं होतं की छापा खुशाल, पण आमच्या गीतांत सुधारणा करू नका. कोण ऐकतं! स्तोत्रावर असा हात चालत नाही. फार तर ते वगळता येतं. कॅथलिकांच्या १९७१ च्या दैनंदिन प्रार्थनाग्रंथात ५८, ८३ आणि १०९ ही शापांची स्तोत्रं नाहीत. बायबलमध्ये मात्र ती होती तिथेच आहेत.

आणि यातच स्तोत्राचं बळ आहे. ८८ वं स्तोत्र अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. असं गीत कोणी लिहिलं तर पुस्तकाची समिती ते परत पाठवेल, निदान शेवटचं एक आशेचं कडवं मागेल. देवाला "झोपलास का?" असं विचारायची मुभा स्तोत्र देतं, आणि ती मुभा शास्त्रातली असल्याने कोणी तोंड धरू शकत नाही. गीताचं बळ दुसरीकडे आहे: स्तोत्र येशूचं नाव घेत नाही, गीत घेतं. जुन्या चर्चने यावर शांतपणे तोड काढली होती. प्रत्येक स्तोत्राच्या शेवटी "पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला गौरव असो" ही ओळ जोडली. स्तोत्र जसंच्या तसं, आणि वर ख्रिस्ती मोहोर.

वसईच्या मराठी मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, दोन्ही शेजारी दिसतात. प्रवेशाचं गीत गायकवृंद निवडतो आणि पुढच्या रविवारी बदलतो. पहिल्या वाचनानंतरचं स्तोत्र मात्र त्या दिवसासाठी नेमून दिलेलं असतं. लोक मधूनमधून ध्रुवपद म्हणतात, आणि कोणाला आवडलं नाही म्हणून दुसरं घेत नाहीत. नगरकडच्या मंडळ्यांत नारायण वामन टिळकांचे अभंग गायले जातात, ती गीतं. अभंगाच्या शेवटी कवीची मुद्रा येते, आणि रचणारा कोण हे तिथेच कळतं. टिळकांनी गीताला ओव्या-अभंगांचं घर दिलं, पण ते स्तोत्र आहे असा दावा केला नाही.

तरी प्रत्येक रचना या दोन खणांत नीट बसेल असं नाही. डिसेंबरमध्ये शॉपिंग मॉलपासून चर्चपर्यंत वाजणारं 'जॉय टू द वर्ल्ड' घ्या. नाताळचं गीत म्हणून ते सगळ्यांना पाठ आहे, पण त्यात ना गोठा आहे, ना मेंढपाळ, ना बेथलेहेम. ते वॉट्सचं आहे, आणि त्याने ते १७०७ च्या गीतांच्या पुस्तकात नाही, १७१९ च्या स्तोत्रांच्या पुस्तकात छापलं, ९८ वं स्तोत्र म्हणून.